४.८ तारे, पण निम्मा ॲडव्हान्स?

ताई, तुमचं पत्र मिळालं. पुण्यात सिंहगड रोडवरचा पंचवीस वर्षं जुना टू बीएचके, दोन्ही बाथरूम आणि किचन नव्यानं करायचंय, आणि हातात दोन कोटेशनं आहेत. एक इंटरनेटवरच्या यादीत ४.८ तारे असलेल्या फर्मचं, ६ लाख ४० हजारांचं, निम्मे पैसे आधी. दुसरं शेजारणीनं सुचवलेल्या काँट्रॅक्टरचं, ७ लाख १० हजारांचं, ॲडव्हान्स १० टक्के. पण इंटरनेटवर त्याचं नावही सापडत नाही. ७० हजार वाचवायला फर्मकडे जावं का आणि पैशांसाठी एफडी मोडावी की पर्सनल लोन घ्यावं, असं तुम्ही विचारलंय.

ते ७० हजार मुळात वाचतच नाहीत. फर्मच्या कोटेशनच्या तळाशी ‘जीएसटी वेगळा’ असं लिहिलंय. अशा कामावर १८ टक्के धरले तर १ लाख १५ हजार २०० होतात आणि आकडा ७ लाख ५५ हजार २०० वर जातो. दुसरं कोटेशन करासह आहे. म्हणजे फर्मच ४५ हजार २०० रुपयांनी महाग पडते. शिवाय फर्मच्या कागदावर ‘ट्रॉली व कपाटं, लमसम’, म्हणजे सगळ्याची मिळून एकच रक्कम, एवढीच ओळ आहे. दुसऱ्यानं प्लाय आयएस ७१० चा (म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा), त्याची जाडी, दर आणि नळांची कंपनीसुद्धा लिहून दिलीय. लमसमवर सही केली की पुढे ‘हे त्यात नव्हतं, एक्स्ट्रा होईल’ हे ऐकायची तयारी ठेवावी लागते.

पण मला खरी काळजी वाटते ती निम्म्या ॲडव्हान्सची. ३ लाख २० हजार म्हणजे तुम्ही त्या फर्मला दिलेलं विनातारण कर्जच. एवढंच कर्ज तुम्ही मागितलंत तर बँक पगाराच्या स्लिपा आणि सिबिल स्कोअर बघते. तुम्ही मात्र ते अनोळखी लोकांनी दिलेल्या ताऱ्यांवर देणार. तोडफोड करून कामगार दुसऱ्या साइटवर गेले, तर घरात मलबा आणि पैसे त्यांच्याकडे, अशी तुमची अवस्था होईल. ‘रविवारपर्यंत बुक केलं तर सूट’ हा निरोप आलाय, त्याला तर अजिबात भुलू नका.

तारे निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. मात्र अशा कामाचे रिव्ह्यू बहुतेकदा हँडओव्हरच्या दिवशी, टाइल्स चकाचक असताना लिहून घेतले जातात. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग कसं झालंय हे काही महिन्यांनी, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली की कळतं. ती ओल ४.८ मध्ये कुठेच दिसत नाही. म्हणून सरासरी बाजूला ठेवा आणि दोन-तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू सावकाश वाचा: तक्रार कशाची होती, फर्मनं उत्तर काय दिलं, नंतर माणूस पाठवला का. एकाच आठवड्यात, एकाच धाटणीचे, आयुष्यात एकच रिव्ह्यू लिहिलेल्या खात्यांवरून आलेले पाच तारे सोडून द्या. ऑनलाइन रिव्ह्यू कसे गोळा करावेत आणि तपासावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोनं २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक होतं. त्यामुळे तपासणी आपली आपणच करायची.

शेजारणीच्या काँट्रॅक्टरलाही हीच फूटपट्टी लावा. निदान एक पावसाळा उलटून गेलेल्या दोन कामांचे पत्ते मागा. तिथे गेलात की त्या घरापेक्षा खालच्या मजल्यावरच्यांची बेल आधी वाजवा आणि बाथरूमचं छत बघू द्या म्हणून विनंती करा. छत कोरडं असेल तर मी त्याला काम देईन. पत्ते द्यायला तो टाळाटाळ करू लागला, तर तिसरं कोटेशन घ्या.

कोणालाही काम द्या, पैशांचे टप्पे कागदावर हवेत: सुरुवातीला १० टक्के, मग तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, फर्निचर असं काम पुढे जाईल तसे. वॉटरप्रूफिंगचा हप्ता टाइल्स बसवण्याआधी ४८ तास पाणी साठवून, खाली गळत नाही हे बघूनच द्या. शेवटचे १० टक्के काम संपल्यावर महिनाभरानं. सगळं बँकेतून. सोसायटीची लेखी परवानगी आधी घ्या. वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पण तिथे कोटेशन, बिल आणि बँकेची नोंदच कामाला येते.

आता पैसे. तुमची ८ लाखांची एफडी चार महिन्यांत पिकतेय, ती मोडू नका. मुदतीआधी मोडली तर बँका बहुधा व्याज कापतात. त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तसे पैसे उचलायची सोय. व्याजदर साधारण एफडीपेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. टप्प्याटप्प्यानं पैसे देण्याचा फायदा इथेही मिळतो, कारण पहिल्या दिवशी तुम्ही ७१ हजारच उचलणार. एफडी पिकली की ओव्हरड्राफ्ट फेडून टाका. पर्सनल लोनची गरजच नाही. आणीबाणीसाठी ठेवलेल्या सहा महिन्यांच्या खर्चालाही हात लावू नका. जुनी पाइपलाइन उघडल्यावर खर्च वाढू शकतो, म्हणून ओव्हरड्राफ्टची मर्यादा ७ लाख १० हजारांपेक्षा थोडी जास्त मंजूर होते का, ते शाखेत विचारा. आणि फर्मनं रविवारच्या आत फोन केलाच, तर करासह, वस्तुवार दरांचं कोटेशन लेखी मागा.