ब्रिजमध्ये चांगली पानं असूनही स्लॅम (तेरापैकी बारा किंवा सगळे हात करण्याची बोली) का हुकतो, किंवा का बुडतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पार्टनर १ इस्पिक उघडतो, तुमच्याकडे १७ पॉइंट असतात (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). कधी तुम्ही ४ इस्पिकवर (दहा हातांची बोली) थांबता आणि बारा हात होतात. कधी ४ नो ट्रंप (पार्टनरचे एक्के विचारणारी बोली, म्हणजेच ब्लॅकवुड) विचारून सहावर जाता आणि समोरचे पहिले दोन हात घेऊन मोकळे होतात. मग स्लॅम बोलायचा कधी?

दोन्ही दुखणी एकाच सवयीतून येतात. हुकूम ठरला रे ठरला की एकतर उडी मारून गेम (बोनस मिळवून देणारी बोली, इस्पिकमध्ये ४), नाहीतर थेट ब्लॅकवुड. मधली बोली, जिथे खरी माहिती मिळते, ती कोणी वापरतच नाही.

आधी हिशोब. व्हल्नरेबल (ज्या डावात बोनस आणि दंड जास्त असतात ती स्थिती) नसताना ४ इस्पिक बोलून बारा हात केले तर ४८०, ६ बोलून केले तर ९८०. म्हणजे ५०० चा फायदा. अकराच झाले तर ४५० मिळायचे ते जाऊन वर ५० चा दंड, म्हणजे ५०० चाच तोटा. व्हल्नरेबल असताना दोन्ही बाजूंना ७५०. थोडक्यात, स्लॅम निम्म्या वेळा होत असेल तर बोलायला हरकत नाही. एका फिनेसवर (समोरचं मोठं पान ठरावीक हातात असेल या आशेवरची खेळी) टिकलेला स्लॅम चालतो. फिनेसही हवा आणि बाहेरचे पाच हुकूम ३-२ वाटलेलेही हवेत, असा स्लॅम साधारण ३४ टक्क्यांचा होतो, तो सोडावा.

आता पानं बघा. तुमची: इस्पिक राजा-१०-७, बदाम ८-३, चौकट एक्का-राजा-राणी-५-४, किलवर राजा-राणी-६.
पार्टनरची: इस्पिक एक्का-राणी-गुलाम-९-६-३, बदाम राणी-५, चौकट ७-२, किलवर एक्का-गुलाम-४.

दोघांचे मिळून ३१ पॉइंट. ब्लॅकवुड विचारलं तर बदामचा एक्का तेवढा बाहेर आहे असं कळेल आणि तुम्ही खुशाल सहावर जाल. बदामची लीड (डावाचं पहिलं पान) आली की एक्का आणि राजा दोन्ही गेले. आता पार्टनरची दोनच पानं बदला: बदाम राजा-५, किलवर एक्का-९-४. पॉइंट तेवढेच, ३१. पण आता इस्पिकचे सहा, चौकटचे तीन, किलवरचे तीन असे बारा हात डोळ्यांसमोर आहेत आणि जातो फक्त बदामचा एक्का.

हा फरक ४ नो ट्रंपला दिसत नाही, क्यू बिडला (त्या रंगात कंट्रोल आहे असं सांगणारी बोली) दिसतो. टू ओव्हर वन नावाची बोलीपद्धत खेळत असाल तर बोली अशी: १ इस्पिक, २ चौकट (इथून गेमपर्यंत थांबणं नाही), २ इस्पिक, ३ इस्पिक. या ३ इस्पिकमध्ये सगळी गंमत आहे. गेम नक्की असताना हळू जाणं म्हणजे ताकद दाखवणं. थेट ४ म्हणजे 'मला पुढे रस नाही'. पुढे पार्टनर ४ किलवर म्हणतो: किलवरमध्ये कंट्रोल आहे. कंट्रोल म्हणजे एक्का, राजा, सिंगलटन (रंगाचं एकच पान) किंवा व्हॉइड (तो रंगच नसणं). तुम्ही ४ चौकट. बदामात राणी-५ असेल तर तो ४ इस्पिकवर येतो. तुमच्याकडेही बदामात काही नाही, म्हणून तुम्ही पास, १७ पॉइंट घेऊन. जिवावर येतं, पण पास. राजा-५ असेल तर तो ४ बदाम म्हणतो आणि मगच तुम्ही ४ नो ट्रंप विचारता.

एक बारकावा: इस्पिक आधी पार्टनर बोलला, म्हणून खेळणार तो. बदामची लीड त्याच्या राजाकडे येते, राजा सुरक्षित. तोच राजा डमीत (खेळणाऱ्याच्या जोडीदाराची टेबलावर मांडलेली पानं) उघडा पडला असता आणि एक्का त्याच्या मागे असता, तर राजा-५ असूनही दोन हात गेले असते.

१९३३ मध्ये इंडियानापोलिसच्या ईझली ब्लॅकवुड यांनी आणलेली मूळ पद्धत फक्त एक्के मोजायची. आता बहुतेक जण हुकमाचा राजा धरून पाच की-कार्ड मोजतात. त्यातल्या '१४३०' या प्रकारात उत्तरं अशी: ५ किलवर म्हणजे १ किंवा ४, ५ चौकट म्हणजे ० किंवा ३, ५ बदाम म्हणजे २ पण हुकमाची राणी नाही, ५ इस्पिक म्हणजे २ आणि राणीही. वरच्या डावात उत्तर ५ इस्पिक येतं, तुमची दोन धरून चार, म्हणून ६ इस्पिक.

विचारण्याआधी प्रत्येक संभाव्य उत्तराला आपण काय बोलणार ते मनात ठरवा. हुकूम बदाम असेल आणि ५ इस्पिक आलं, तर ५ बदामवर परत येता येत नाही. हुकूम किलवर असेल तर तर पंचाईतच. तुमच्याकडे व्हॉइड असेल तर साधं ब्लॅकवुड टाळा: पार्टनरचा एक्का कामाचा की तुमच्या व्हॉइडमधला, हे कळत नाही.

नो ट्रंपचं गणित वेगळं, तिथे पॉइंट चालतात. ३३ असतील तर बाहेर ७ उरतात, म्हणजे दोन एक्के बाहेर असूच शकत नाहीत. १ नो ट्रंप १५ ते १७ चा असेल आणि तुमची पानं सपाट (चारही रंगांत साधारण सारखी वाटलेली) असतील, तर १८ वर सरळ ६ नो ट्रंप. १६-१७ वर ४ नो ट्रंप बोला. हे ब्लॅकवुड नाही, आमंत्रण आहे. पार्टनर १५ वर पास करेल, १७ वर सहा बोलेल, १६ असतील तर पाच पानांचा रंग किंवा दश्श्या बघेल. हे पार्टनरशी आधी बोलून ठेवा, नाहीतर तो एक्के सांगत बसेल.

ग्रँड स्लॅमच्या मोहात लवकर पडू नका. एकूण गुणांवर बघितलं तर तो साधारण ६७ टक्के व्हायला हवा, कारण हुकला तर गेमबरोबर छोट्या स्लॅमचा बोनसही जातो. हुकमाची राणी हातात नसताना सात बोलू नये. अपवाद एकच: दोघांचे मिळून दहा हुकूम आहेत असं उत्तर देणाऱ्याला कळत असेल, तर त्याने राणी नसतानाही 'आहे' सांगावं. बाहेर तीनच हुकूम असतात, आणि ते २-१ वाटलेले असण्याची शक्यता ७८ टक्के आहे. तसे असले की एक्का-राजावर राणी पडतेच.