यादी पाचशेची, बाजू बावीस मिनिटांची

बाळ, अनेक आशीर्वाद.

यादी मिळाली. ऐकायचे म्हणून उतरवून घेतलेले जगातले ‘सर्वोत्तम’ पाचशे अल्बम, प्रत्येकापुढे टिक करायला चौकट, आणि वर लाल पेनाने ‘रोज एक’. त्यातलं ‘रोज एक’ आधी खोड.

हिशेब करून बघ. अल्बम पाऊण तासाचा धरला तर पाचशेचे ३७५ तास होतात. जालना-संभाजीनगर अप-डाऊन करणाऱ्याला तेवढा वेळ वर्षभरात बसमध्येच सापडतो, त्यामुळे वेळेची अडचण नाही. अडचण अशी की एकदाच कानावरून गेलेल्या अल्बमातलं दोन आठवड्यांनी ‘छान होतं, गिटार होती’ एवढंच उरतं. क्लासवाले परीक्षेआधी पोर्शन संपवतात ना, तसलं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं तेव्हा आठवड्याला एकच नवं गाणं यायचं. ५६ गाण्यांना वर्षभर लागलं. पुढच्या गाण्याची वाट बघण्यात आधीचं गाणं लोकांना पाठ होऊन जायचं.

यादी अल्बमांची असली तरी ऐकायचं माप बाजूचं धर. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. १९४८ ला कोलंबियाने मिनिटाला सव्वातेहतीसच्या जरा वर फेऱ्या घेणारी बारा इंची रेकॉर्ड आणली आणि बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. पन्नाशीपासून ऐंशीच्या दशकापर्यंतचे बहुतेक अल्बम त्याच मापाने बेतलेले आहेत. एक बाजू सुरू होते, संपते, मग उठून रेकॉर्ड उलटायची आणि पुन्हा नव्याने सुरुवात. त्यात सुईचंही एक गणित आहे. सुई मध्याकडे सरकते तसं वर्तुळ लहान होतं, फेऱ्या मात्र तेवढ्याच, त्यामुळे सुईखालून जाणारी खाच हळू सरकते आणि मोठे, तीक्ष्ण आवाज तिथे फाटतात. म्हणून बाजूच्या शेवटी पुष्कळदा संथ गाणं ठेवलेलं असतं. फोनवर सगळी गाणी एका ओळीत दिसतात, आणि पाचव्या गाण्याला वाटतं की अल्बम मध्येच ढिला पडला. तो ढिला पडलेला नसतो, बाजू संपलेली असते.

अमेरिकन गायक मार्व्हिन गेचा १९७१ चा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ घे. नऊ गाणी, पस्तीसेक मिनिटं. पहिल्या बाजूला सहा गाणी आहेत आणि ती एकमेकांत मिसळत जातात, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नाही. दुसऱ्या बाजूला तीनच. सहावं संपलं की फोन थांबव. बस तोवर बदनापूरच्या आसपास आली असेल. थोडा वेळ काही लावू नको, खिडकीबाहेर बघ. अल्बमच्या नावापुढे ‘साईड वन’ असं शोधलंस की कुठलं गाणं कुठल्या बाजूला होतं ते मिळतं. दोन मिनिटांचं काम आहे, रविवारीच करून ठेव.

सोमवारी जाताना पहिली बाजू, येताना पुन्हा तीच. मंगळवारी दुसरी, तशीच. बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर खोलीत बसून अख्खा अल्बम सलग, फोन पालथा ठेवून. गुरुवार ते शनिवार दुसरा अल्बम. रविवारी नवं काही नाही. म्हणजे आठवड्याला दोन आणि वर्षाला शंभर होतात. तेव्हा यादीचेही शंभरच कर. एका कलावंताचे पाच-सहा अल्बम दिसतील, त्यातला एकच ठेव, बाकीचे मागच्या पानावर लिहून काढ. यादी तिथेच बरीच आखूड होईल. मग प्रत्येक दशकातून काही राहतील एवढं बघून उरलेले छाट. चांगलं छाटलं जाईल म्हणून जीव टांगणीला लावू नको. ही क्रमवारी म्हणजे शेवटी मतदान आहे. ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन मासिकाच्या २००३ च्या यादीत बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ पहिला होता. २०२० ला नवे लोक मत द्यायला बसले तेव्हा तो चोविसाव्यावर गेला आणि सहाव्या नंबरचा मार्व्हिन गे पहिला आला. दोन्ही अल्बमांत एक सूरही बदलला नव्हता.

दोन रेकॉर्डींचा अल्बम दोन अल्बम म्हणूनच मोज. सीडी १९८२ ला आली, ७४ मिनिटं मिळाली, आणि पुढे बऱ्याच जणांनी ती भरून काढायचीच असं ठरवलेलं दिसतं. त्या लांबलचक अल्बमांना बाजू नसते. तिथे चार-पाच गाण्यांवर तूच तोड.

आता फोन. शफल बंद, हे तुला माहीत असेल. ऑटोप्लेही बंद कर. नाहीतर अल्बम संपल्यावर अ‍ॅप त्याच धाटणीचं दुसरं काहीतरी लावत राहतं आणि शेवट कुठे झाला ते कळतच नाही. एका गाण्याची शेपटी दुसऱ्यात मिसळवणारी सोय असते, क्रॉसफेड म्हणतात, ती शून्यावर ठेव. फुकटच्या खात्यात मध्येच जाहिरात येते. सुटी गाणी असतील तर चालून जातं, पण पिंक फ्लॉइडचा १९७३ चा ‘डार्क साईड ऑफ द मून’ सलग वाहतो, तिथे साबणाची जाहिरात आली की सगळं पाण्यात. असा अल्बम महिनाभराचे पैसे भरशील त्या महिन्यासाठी राखून ठेव. ३२० केबीपीएसच्या दर्जाने पाऊण तासाला साधारण १०८ एमबी लागतात, १६० ला त्याच्या निम्मे. तुझ्या खात्यात उतरवायची सोय असेल तर वाय-फाय असेल तिथे रात्रीच उतरवून घे. रस्त्यात रेंज गेली की बाजू तुटते आणि मग मन लागत नाही.

सगळ्यात जास्त घोळ डिलक्स आवृत्तीने होतो. बीच बॉइजचा ‘पेट साउंड्स’ १९६६ चा, छत्तीसेक मिनिटांचा. शेवटचं गाणं विरत जातं, मग एक रेल्वे धडधडत जाते आणि कुत्री भुंकतात. तिथे अल्बम संपतो. मोठ्या आवृत्तीत त्या भुंकण्यामागे लगेच तालमीतले तुकडे आणि दुसरे टेक सुरू होतात आणि त्या रिकाम्या शेवटाची वाट लागते. उतरवण्याआधी मूळ गाणी किती होती ते मोज, आणि तेवढीच ठेव.

एकाच कानात इअरफोन घालायची तुझ्या वयाच्या सगळ्यांना सवय असते. साठीच्या दशकातल्या स्टिरिओला ते चालत नाही. बीटल्सचा ‘रबर सोल’ स्टिरिओत लाव: बऱ्याच गाण्यांत गळा एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला आहेत. डाव्या कानात घातलास तर गाणारे सुट्टीवर गेलेत असं वाटेल. दोन्ही कानांत घाल, किंवा फोनच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ (दोन्ही बाजू एकत्र) सुरू कर. फोनच्या स्पीकरवर नवं काही ऐकू नको. त्यात खालचे सूर निघतच नाहीत: तबल्यातला डग्गा जातो आणि मार्व्हिन गेच्या गाण्यांखालचा बास, म्हणजे खर्जाचा आवाज, तोही जातो. त्या गाण्यांचा अर्धा जीव बासमध्येच आहे.

एसटीची घरघरही खालच्याच सुरांची असते, ती बास गिळते, आणि तू आवाज वाढवत नेतेस. ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. आवाज त्याच्या वर गेला की तास झपाट्याने कमी होतात. आवाज वाढवण्याआधी इअरफोनचं रबर बदलून बघ. डब्यात तीन मापं येतात आणि लोक लावून आलेलंच वापरतात. रबर कानात घट्ट बसलं की बास आपोआप परत येतो. तरीही हळू वाजणारे अल्बम बससाठी नकोतच. ‘सार्जंट पेपर’च्या शेवटी पियानोंवर एकदम दाबलेला एक स्वरमेळ आहे, तो चाळीसेक सेकंद विरत राहतो. विरताना रेकॉर्डिंगची पातळी वर नेलेली आहे, म्हणून अगदी शेवटी खोलीतली हवा आणि खुर्ची करकरल्याचा आवाजही येतो. करमाडच्या गतिरोधकावर तो मिळणार नाही. कूलर सुरू असतानाही नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे कूलरशिवाय खोलीत बसवत नाही हे खरं, पण कूलरचा आवाज सगळ्या सुरांवर पसरतो आणि त्याखाली तानपुरा गायब होतो. त्या दोन महिन्यांत बुधवारची बैठक पहाटेवर ने, नाहीतर गच्चीवर अंथरूण टाकलं की तिथे.

सुरुवात तुझ्या कानाला धरायला काही सापडेल अशा अल्बमांनी कर. मात्रा मोजता येतात ना? मग डेव्ह ब्रूबेकचा १९५९ चा ‘टाइम आउट’. त्यातलं ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं आहे, तीन आणि दोन. झपतालाचा अर्धा भाग उलटा धरल्यासारखं. ‘डार्क साईड’च्या दुसऱ्या बाजूला ‘मनी’ आहे, नाण्यांच्या खुळखुळाटाने सुरू होणारं. त्यात रूपकासारख्या सात मात्रा आहेत, वजन मात्र रूपकाचं नाही. मांडीवर हात ठेवून मोजत राहा. गिटार एकटं वाजायला लागलं की सात सुटतात आणि चार सुरू होतात. कुठे सुटले ते पकडता आलं तर त्या दिवसाचं काम झालं.

माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’ही १९५९ चाच. तिसऱ्या आठवड्यापर्यंत थांबून मग घे, आणि पहिल्या ‘सो व्हॉट’ला वेळ दे. आधी पियानो आणि बास जरा चाचपडल्यासारखे वाजतात. मग बास प्रश्न विचारतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात. या गाण्याला आपल्या कानांना ओळखीची पट्टी आहे: गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे काफी थाटाचे सूर. सोळा मापं (माप म्हणजे चार मात्रा) तीच पट्टी, मग आठ मापं सगळी पट्टी अर्ध्या सुराने वर सरकते, मग आठ मापं परत घरी. एवढ्या बत्तीस मापांचं आवर्तन प्रत्येक वादक आपापल्या पद्धतीने भरतो. माइल्सचं ट्रम्पेट भरपूर जागा सोडतं. जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन ती जागा बुजवत जातो. पट्टी वर सरकण्याची जागा दोनदा सापडली की पुढचे एकल वेगवेगळे ओळखू येतात. तोवर नऊ मिनिटं नुसता धूर वाटतो. मूळ अल्बम पाच तुकड्यांचा आहे, सहावा नंतर जोडलेला. आणि यातला कोल्ट्रेन आवडला तर यादीतला पुढचा नंबर सोडून सरळ त्याच्या ‘अ लव्ह सुप्रीम’कडे जा: १९६५, चार भाग, तेहतीसेक मिनिटं. वादकांच्या नावांवरून असं उडी मारत जाणं आकड्यांच्या क्रमापेक्षा कितीतरी बरं, कारण आधीच्या अल्बमचा एक धागा हातात असतो.

इंग्रजी शब्दांची भीती बाळगू नको. खुलताबादेत कव्वालीत फारसी ओळ आली म्हणून कोणी उठून जात नाही. पहिल्या दोन वेळा शब्दांकडे जायचंच नाही. बुधवारी एकाच गाण्याचे शब्द समोर घे, सगळ्यांचे नको. बॉब डिलन आणि रॅप याला अपवाद: तिथे शब्द हाताशी नसतील तर बाजू लावूच नको. चार परदेशी झाले की पाचवा आपला घे. आपल्याकडचे बहुतेक अल्बम सुटी गाणी गोळा करून झालेले. पण १९६७ चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ अल्बम म्हणूनच बेतलेला आहे. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, आणि मेंढपाळाचा एक दिवस: पहाटे अहिर भैरवने उघडतो, रात्री पहाडीवर मिटतो.

काहीच लागलं नाही तर? एक बाजू दोन वेगळ्या दिवशी ऐकली आणि तरी मनात काही रुतलं नाही, तर वहीत ‘नंतर’ लिहून पुढे जा. तिसऱ्या दिवशी जबरदस्ती नको. दोनशे पानी वही पुरे. ओळीत तारीख, बाजू, कुठे ऐकली, आणि ऐकू आलेली एकच नेमकी गोष्ट. ‘मस्त’ चालणार नाही, ‘तिसऱ्या गाण्यात खंजिरीसारखं काहीतरी उजवीकडे’ हे चालेल. दहापैकी गुण तर अजिबात देऊ नको. गुण दिले की माणूस ऐकायचं सोडून पेपर तपासायला बसतो. कॅप्टन बीफहार्टचा ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ काही याद्यांत दिसतो, २८ तुकडे, सगळं वाकडंतिकडं. पहिल्या पन्नासात त्याला हात लावू नको, यादी तिथेच सुटते.

सोमवारी ‘टाइम आउट’ची पहिली बाजू, गुरुवारी मार्व्हिन गे. रविवारी संध्याकाळी दोन्ही उतरवून घे आणि रबर बदल. वहीची पाच पानं भरली की फोटो काढून पाठव. कुठली बाजू परतीच्या बसमध्ये न ठरवता तिसऱ्यांदा लागली, त्याखाली रेघ मार.