रडू का येत नाही?

"बहीण जाऊन चार महिने झाले, डोळ्यांतून टिपूस नाही. मी दगड आहे का?"

हे विचारणाऱ्या बायका मला समुपदेशनात पुष्कळ भेटल्या. रीमने (नाव बदललंय) हेच पॅलेस्टाइनमधल्या बेथलेहेममध्ये विचारलं, तेव्हा माझं ठरलेलं उत्तर तोंडातच राहिलं. तिच्या थोरल्या बहिणीला सख्ख्या भावाने मारलं होतं. कारण सांगितलं गेलं 'शरफ', म्हणजे इज्जत; आपला 'शरीफ' त्याच घरातला शब्द.

पॅलेस्टिनी घरात कुणी गेलं की तीन दिवस 'अझा' असते. लोक येऊन बसतात, बिनसाखरेची कडू कॉफी फिरते. हिच्या घरी कॉफी उकळलीच नाही. भिंतीवरचा फोटो उतरला. बहिणीचं नाव काढलं की आई दार लावून घ्यायची. घरात रडणं म्हणजे भावाविरुद्ध बोलणं. मग डोळे कोरडे पडतील नाहीतर काय?

मी पहिल्याच भेटीत भावाबद्दल, पोलिसांबद्दल विचारून बसले. दोन आठवडे ती फिरकली नाही. नंतर कळलं, त्याच दिवसांत नातेवाइकांनी आईपुढे मेलेलीची वारस म्हणून मुलाविरुद्धचा हक्क सोडल्याचा कागद सहीसाठी ठेवला होता. बेथलेहेम ज्या भागात येतं त्या वेस्ट बँकेत जॉर्डनची १९६०ची दंडसंहिता चालते. 'इज्जती'च्या खुनाला मिळणारी सूट २०११पासून टप्प्याटप्प्याने काढली गेली. २०१९मध्ये बेथलेहेमजवळच्या बेत साहूरच्या इस्रा घरीब या तरुणीच्या मृत्यूनंतर (आरोप घरच्यांवरच होता) बायका रस्त्यावरही उतरल्या. पण मेलेलीचे वारस आणि मारणाऱ्याचे आप्त एकच असतात, तिथे सही मागायला परकं कुणी यावं लागत नाही.

रीम परत आली तेव्हा मी एवढंच विचारलं, "स्वयंपाक कसा करायची ती?"

"मकलूबाचं पातेलं ताटात उलटलं की दर वेळी भाताचा ढिगारा!" ती चक्क हसली. (मकलूबा म्हणजे पातेलं उलटून वाढायचा भात; तो साच्यासारखा उभा राहायला हवा.)

पुढची कल्पना माझ्या अरब सहकारी बाईंची. पुढच्या तीन भेटी आम्ही अझाला बसलो. बाई थर्मासमधून कडू कॉफी आणायच्या. तिसऱ्या दिवशी रीमने बहिणीचं नाव मोठ्याने घेतलं. रडली नाही. मीही रडण्याची वाट पाहणं सोडलं होतं.

जाताना म्हणाली, स्वतःच्या चौदा वर्षांच्या मुलीचा मोबाइल तिने काढून घेतलाय. "तिला जपतेय की कोंडतेय, कळत नाही."

मोबाइल अजून कपाटातच आहे. सध्या आम्ही त्यावर बोलतोय.