वाचक विचारतात : स्पॅनिशची क्रियापदे आणि आपला ‘पगार’

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी स्पॅनिशच्या नियमित क्रियापदांविषयी आहेत, म्हणून यावेळचे सदर त्याच एका विषयाला दिले आहे. स्पॅनिश शब्द देवनागरीत लिहिताना ज्या अक्षरावर आघात येतो त्याच्यापुढे अवग्रहाची (ऽ) खूण केली आहे. तिथे स्वर लांबवायचा नसून जोर द्यायचा आहे.

प्रश्न (मुलुंडहून एक वाचक) : मी गेल्या जूनपासून आठवड्यातून दोनदा स्पॅनिशच्या वर्गाला जातो. वर्तमान, दोन भूतकाळ, भविष्य असे सगळे तक्ते वहीत चौकटी आखून लिहिले आहेत आणि लोकलमध्ये रोज पाठ करतो. तरीही बोलायची वेळ आली की तक्त्यातली ओळ शोधण्यातच वाक्य निसटते. नियमित म्हणवणारी क्रियापदे एवढी जड का जावीत?

उत्तर : पाठांतरात काही चूक नाही. आपण पाढे पाठच केले आणि ते जन्मभर पुरले. अडचण अशी आहे की आपल्या हाती आलेला तक्ता बहुधा इंग्रजीतून शिकणाऱ्यांसाठी तयार झालेला आहे. इंग्रजीचे क्रियापद वर्तमानकाळात तृतीय पुरुषी एकवचनात तेवढे बदलते आणि कर्ता कोण हे सांगण्याचे काम सर्वनामावर सोडते, त्यामुळे त्या विद्यार्थ्याला सहा रूपे म्हणजे सहा नव्या वस्तू वाटतात. आपली गोष्ट वेगळी आहे. ‘विजेचे बिल उद्या भरीन’ या वाक्यात ‘मी’ कुठेही नाही, तरी भरणारा कोण हे कुणी विचारत नाही. भरीन, भरशील, भरील, भरू, भराल, भरतील ही रूपे आपल्या तोंडी तक्त्याशिवाय बसली आहेत. शेपटीवरून माणूस ओळखण्याची सवय आपल्याला आधीच आहे, आणि स्पॅनिश तेवढीच सवय मागते.

सुरुवात कोणत्या क्रियापदापासून करावी, याविषयी माझे मत ठाम आहे. बहुतेक पुस्तके ‘बोलणे’ या अर्थाच्या आब्लाऽर पासून करतात. मी मुंबईच्या विद्यार्थ्यांना पागाऽर पासून शिकवते. पगार हा आपला रोजचा शब्द पोर्तुगीजांकडून आला आहे. वसई 1534 पासून 1739 पर्यंत त्यांच्या ताब्यात होती आणि मुंबई बेटही 1661 च्या विवाहाच्या तहाने इंग्रजांना देऊ करेपर्यंत त्यांचेच होते. त्या सहवासातून चावी, साबण, बादली आणि पाव यांच्याबरोबर पगारही मराठीत रुळला. मुळात ते क्रियापद आहे, पैसे चुकते करणे असा त्याचा अर्थ आहे, आणि पोर्तुगीजची सख्खी बहीण असलेल्या स्पॅनिशमध्येही ते याच रूपात आणि याच अर्थाने आहे. म्हणजे स्पॅनिश क्रियापदाचे एक मूळ रूप आपण दर महिन्याच्या एक तारखेला उच्चारत आलो आहोत.

मूळ रूपाचा शेवट ‘आर’, ‘एर’ किंवा ‘ईर’ यांपैकी एक असतो आणि त्यावरून तीन गट पडतात : पागाऽर, कोमेऽर (खाणे), बिबीऽर (राहणे, जगणे). असे गट मराठीलाही परके नाहीत. काळजीपूर्वक लिहिणारे आजही अकर्मक धातूचे ‘बसेन’ आणि सकर्मक धातूचे ‘भरीन’ असा फरक पाळतात. आपण ‘भरणे’ मधला ‘णे’ काढून ‘भर’ हा धातू मिळवतो, तसाच इथे शेवट काढला की ‘पाग’ उरतो. वर्तमानकाळात त्याला जोडून होते : पाऽगो, पाऽगास, पाऽगा, पागाऽमोस, पागाऽइस, पाऽगान. ‘खाणे’ चे : कोऽमो, कोऽमेस, कोऽमे, कोमेऽमोस, कोमेऽइस, कोऽमेन. ‘राहणे’ चे कोमेऽर सारखेच, फक्त ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांच्या रूपांत बिबीऽमोस, बिबीऽस असा ‘ई’ येतो.

शाळेत शंभर मार्कांचे संस्कृत घेतलेल्यांनी आता जुनी वही आठवावी. पठसि, पठामः, पठन्ति. ‘तू’ ला स, ‘आम्ही’ ला म, ‘ते’ ला न. पाऽगास, पागाऽमोस, पाऽगान या रूपांत नेमके तेच तीन वर्ण त्याच जागी उभे आहेत, आणि हा योगायोग नाही. संस्कृत आणि लॅटिन एकाच कुळातल्या भाषा आहेत, आणि स्पॅनिश ही लॅटिनची लेक. मराठीनेही ‘तू’ चा स सोडलेला नाही : करतोस, गेलास, भरलेस. फळ्यावर ही दोन रूपे शेजारी शेजारी लिहिली की वर्गातली एखादी मुलगी ‘बाई, हे आम्हाला दहावीलाच येत होते’ असे म्हणते, आणि तिचे म्हणणे खरे असते. पुढच्या प्रत्येक काळात ‘तू’ च्या रूपाला स शोधावा. एका साध्या भूतकाळातच तो शेवटी नसतो (पागाऽस्ते), तेवढा अपवाद लक्षात ठेवावा.

प्रश्न (गिरगावातून एक वाचक) : भूतकाळ दोन कशासाठी? आमच्या पुस्तकात लिहिले आहे की थोडा वेळ चाललेल्या क्रियेसाठी एक आणि बराच वेळ चाललेल्या क्रियेसाठी दुसरा. पण उत्तरे तपासली की निम्मी चुकलेली असतात.

उत्तर : पुस्तकातला तो नियम कृपया खोडून टाकावा. वेळ किती लागला याचा इथे काही संबंध नाही. क्रिया बाहेरून, संपलेली म्हणून पाहिली, की तिच्या आत उभे राहून पाहिली, एवढाच प्रश्न आहे.

रूपे आधी पाहू. पहिला, साधा भूतकाळ : पागेऽ, पागाऽस्ते, पागोऽ, पागाऽमोस, पागाऽस्तेइस, पागाऽरोन. ‘एर’ आणि ‘ईर’ या दोन्ही गटांना एकच शेपट्या लागतात : कोमीऽ, कोमीऽस्ते, कोम्योऽ, कोमीऽमोस, कोमीऽस्तेइस, कोम्येऽरोन. दुसरा, अपूर्ण भूतकाळ, हा तर सगळ्या स्पॅनिशमध्ये सर्वांत सोपा : पागाऽबा, पागाऽबास, पागाऽबा, पागाऽबामोस, पागाऽबाइस, पागाऽबान, आणि कोमीऽआ, कोमीऽआस, कोमीऽआ, कोमीऽआमोस, कोमीऽआइस, कोमीऽआन. या काळात अनियमित क्रियापदे साऱ्या भाषेत मिळून तीनच आहेत : असणे, जाणे आणि पाहणे.

आता आपला प्रश्न. ‘आजी खोताच्या वाडीत राही’, ‘राहत असे’, ‘राहायची’, ‘राहत होती’ अशी चार वाक्ये मराठीत होतात. या चारही वाक्यांना स्पॅनिशमध्ये एकच रूप आहे : बिबीऽआ. पण ‘आजी खोताच्या वाडीत चाळीस वर्षे राहिली’ म्हटले की बिब्योऽ. चाळीस वर्षे हा काही थोडा काळ नव्हे, तरी रूप पहिल्या भूतकाळाचे आले, कारण बोलणाऱ्याने त्या वर्षांचा हिशेब बंद केला आहे. उलट ‘पाऊस पडत होता आणि कुर्ल्याला गाडी थांबली’ या वाक्यात पाऊस पाचच मिनिटांचा असला तरी तो योबीऽआ असाच राहील आणि थांबणे पारोऽ होईल. पाऊस हे वातावरण आहे, थांबणे ही घटना.

म्हणून मी विद्यार्थ्यांना घड्याळ विसरून वाक्य आधी मराठीत म्हणायला सांगते. तोंडून सहजपणे ‘राहिली’, ‘भरले’, ‘थांबली’ आले तर पहिला भूतकाळ घ्यावा. ‘राहायची’, ‘भरत असे’, ‘थांबत होती’ आले तर दुसरा. बहुतेक वेळा मराठी कान योग्य उत्तर देतो, आणि याचे कारण मराठीचे व्याकरणच आहे. आपल्याकडे रीतिभूतकाळ नावाचा एक स्वतंत्र काळ आहे : मी करी, तू करीस, तो करी. आज तो कथा-कवितांत जास्त आणि बोलण्यात कमी आढळतो, पण कळतो सर्वांनाच. त्यात ‘मी करी’ आणि ‘तो करी’ सारखेच दिसतात, जसे पागाऽबा हे ‘मी’ चेही असते आणि ‘तो’ चेही. संदर्भावरून कळत नसेल तर अशा ठिकाणी स्पॅनिश माणूस सर्वनाम घालतो, आणि आपणही तेच करतो.

प्रश्न (विलेपार्ल्याहून एक वाचक) : ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मी पेरू खाल्ले’ अशी आपली रूपे बदलतात. स्पॅनिशमध्येही नामांना लिंग आहे, मग तिथे क्रियापद का बदलत नाही? मी परीक्षेत स्त्रीलिंगी नामाबरोबर ए कोमीऽदा लिहिले आणि गुण गेले.

उत्तर : गुण गेले याचे वाईट वाटते, कारण चुकीमागचा विचार खणखणीत मराठी आहे. आपले सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्त्याला सोडून कर्माकडे वळते. त्यालाच आपण कर्मणी प्रयोग म्हणतो. स्पॅनिश क्रियापद कर्तरीच राहते. आंबा असो, भाकरी असो वा टोपलीभर पेरू, कोमीऽ बदलत नाही. ‘ए, आस, आ, एऽमोस, आबेऽइस, आन’ या साहाय्यक रूपांनी होणारा पूर्ण वर्तमानकाळही तसाच आहे : ए पागाऽदो, ए कोमीऽदो, ए बिबीऽदो. या काळात शेवटचा ‘दो’ सदैव ‘दो’ च राहतो. हेच कृदंत विशेषण म्हणून नामाला लावले तर मात्र ते लिंग-वचनाप्रमाणे बदलते, आणि आपला गोंधळ तिथूनच झाला असावा. स्त्रियांना एक सोय अशी की ‘जातो’ की ‘जाते’ हा भेदही तिथे नाही. पाऽगो माझेही आणि माझ्या भावाचेही.

प्रश्न (भांडुपहून एक वाचक) : भविष्यकाळात मूळ रूपाचा शेवट का काढत नाहीत?

उत्तर : कारण तिथे मूळ रूप अख्खेच कामाला आले आहे. पागारेऽ, पागाराऽस, पागाराऽ, पागारेऽमोस, पागारेऽइस, पागाराऽन यांतल्या शेपट्या वरच्या उत्तरातल्या ‘ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन’ शी ताडून पाहाव्यात. ‘पागार ए’ म्हणजे ‘मला भरायचे आहे’; ते दोन शब्द बोलता बोलता एकजीव झाले आणि भविष्यकाळ तयार झाला. जुन्या स्पॅनिशमध्ये त्या दोहोंच्या मध्ये सर्वनामही बसत असे, आणि 1492 मध्ये स्पॅनिशचे व्याकरण लिहिणाऱ्या आन्तोनियो दे नेब्रिखा यांनी ही जोडणी ओळखलेली होती. म्हणूनच तिन्ही गटांना एकच शेपट्या पुरतात : कोमेरेऽ, बिबिरेऽ. बँकेच्या व्यवहारातली वचनचिठ्ठी असते ना, तिला स्पॅनिशमध्ये पागारेऽ असेच नाव आहे, म्हणजे ‘मी पैसे देईन’.

याच मूळ रूपाला अपूर्ण भूतकाळातल्या ‘ईऽआ’ च्या शेपट्या लावल्या की संकेतार्थ होतो : पागारीऽआ, ‘पैसे असते तर भरले असते’ किंवा ‘भरीनही’ या अर्थाचा.

प्रश्न (दादरहून एक वाचक) : ‘आपण’ ला काय वापरावे?

उत्तर : उस्तेऽद, आणि क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी : उस्तेऽद पाऽगा. हा शब्द ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या बुएऽस्त्रा मेर्सेऽद या जुन्या संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे. समोरच्याला थेट ‘तू’ न म्हणता त्याच्याविषयी बोलावे, तशी ती रचना आहे. ‘अण्णा काय घेणार?’ असे आपण अण्णांनाच विचारतो, तसे. अनेकवचनी उस्तेऽदेस, पाऽगान. लॅटिन अमेरिकेत ‘तुम्ही’ साठी सर्वत्र हेच चालते, त्यामुळे पागाऽइस हे रूप स्पेनच्या माणसांशी बोलायचे असेल तरच लागते.

प्रश्न (परळहून एक वाचक) : ‘काल मी भाडे भरले’ याचे मी ‘आयेऽर पागोऽ एल आल्किलेऽर’ असे केले. ‘मी’ ला शेवटी ‘ओ’ येतो ना?

उत्तर : ‘ओ’ येतो तो वर्तमानकाळात, आणि तेव्हा आघात पहिल्या अक्षरावर असतो. पाऽगो म्हणजे मी भरतो. पागोऽ म्हणजे त्याने भरले. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ असा बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला या दोहोंत फरकच जाणवत नाही, आणि मराठी विद्यार्थ्याला खरी मेहनत घ्यावी लागते ती इथेच. मोठ्याने, टेबलावर बोट आपटून म्हणावे : पाऽगो, पागोऽ, कोऽमो, कोम्योऽ. आपल्या वाक्याने भाडे दुसऱ्याच कुणीतरी भरले आहे. पहिल्या भूतकाळातले ‘मी’ चे रूप पागेऽ. ते रोमन लिपीत लिहिताना ‘जी’ आणि ‘ई’ यांच्यामध्ये एक ‘यू’ घालावा लागतो. तो नसेल तर ‘ग’ चा उच्चार घशातल्या ‘ख’ सारखा होतो. हा बदल केवळ लेखनाचा आहे, त्यामुळे क्रियापद अनियमित ठरत नाही. वाक्य असे होईल : आयेऽर पागेऽ एल आल्किलेऽर.