हिरड्यांतल्या जंतूंमुळे आतड्याचा कॅन्सर होतो, हे खरं आहे का?

वडिलांच्या हिरड्यांतून रक्त येतं, दोन दात हलतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की तोंडातले जंतू पोटात विष सोडून कॅन्सर करतात, म्हणून तुम्ही विचारलंय. मी मायक्रोबायॉलॉजी शिकवते, डॉक्टर नाही. निरोप अगदीच थाप नाही, पण त्यात दोन वेगळ्या जंतूंची सरमिसळ झालीय.

विषाचा सगळ्यात पक्का पुरावा तोंडातल्या नव्हे, आतड्यातल्या जंतूचा आहे. ई. कोलाय तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या आतड्यात असतो. त्याच्या काही प्रकारांकडे कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवणाऱ्या जनुकांचा संच असतो, हे 2006 मध्ये कळलं. हे विष डीएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटवून टाकतं. पेशी दुरुस्ती करते, पण त्यात चुका राहून जातात. नेदरलँड्समध्ये शास्त्रज्ञांनी माणसाच्या आतड्याच्या पेशींपासून इवले पोकळ गोळे वाढवले, त्यांच्या पोकळीत हे जंतू टोचले आणि पाच महिने हेच पुन्हा पुन्हा केलं. मग डीएनए वाचला. बिघाड वाटेल तिथे झालेला नव्हता. थायमिन म्हणजे डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक; त्याची ओळ लागलेल्या जागी नेमकं एखादं थायमिन गळालेलं, असा ठरावीक ठसा उमटला होता. विष बनवण्याची क्षमता काढून घेतलेले तेच जंतू टोचले, तर ठसा नाही! पुढे आतड्याच्या कॅन्सरच्या काही रुग्णांच्या गाठींतही तोच ठसा सापडला. हे सगळं 2020 मध्ये प्रसिद्ध झालं.

2025 मध्ये 11 देशांतल्या 981 रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. सत्तरीनंतर निदान झालेल्यांपेक्षा चाळिशीच्या आत निदान झालेल्यांत हे ठसे 3.3 पट जास्त आढळले, आणि ते बहुधा लहानपणीच उमटले असावेत असा अंदाज निघाला. म्हणजे गाठ सापडेपर्यंत तो जंतू तिथून केव्हाच निघून गेलेला असू शकतो. (जाता जाता: जर्मनीत प्रोबायोटिक म्हणून विकला जाणारा निस्ले 1917 हा ई. कोलायसुद्धा कोलिबॅक्टिन बनवतो. पोटाला चांगलं म्हणून काहीही गिळणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.)

तोंडातला जंतू वेगळा. फ्यूसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम, मुक्काम दातांवरच्या कीटणात. हिरड्या बिघडल्या की तो फोफावतो. आतड्याच्या गाठींत तो मोठ्या संख्येने सापडतो, हे 2011-12 च्या सुमारास लक्षात आलं. कोलिबॅक्टिनसारखा ठसा मात्र त्याच्या नावावर नाही. स्वतःच्या अंगावरच्या एका प्रथिनाने तो पेशींना चिकटतो, त्यांना वाढायचा इशारा देतो आणि गाठीवर चालून येणाऱ्या प्रतिकारपेशींना थोपवतो. आग कुणी लावली कोण जाणे, हा त्यात तेल ओततो. तेव्हा वडिलांच्या हिरड्या सुजल्या म्हणून त्यांना आतड्याचा कॅन्सर होणार, असं मी तरी म्हणणार नाही.

ते तंबाखू खातात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं खापर जंतूंवर फोडण्याआधी तंबाखू, गुटखा, सुपारी बघावी लागते. मिश्रीसुद्धा. ती भाजलेली तंबाखूच असते, दात घट्ट करणारं मंजन नव्हे.

दात हलतायत म्हणजे हिरड्यांचा आजार पुढे गेलाय. डेंटिस्टकडे न्या, सोबत रक्तातली साखरही तपासून घ्या. कीटण काढल्याने दात ढिले होतात, असं कुणीतरी सांगेलच. खरं तर हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाआड ते झाकलेलं असतं इतकंच. माउथवॉशच्या बाटल्यांवर पैसे घालवण्यापेक्षा ते पैसे या साफसफाईला ठेवा. आणि संडासवाटे कधी रक्त गेलं, तर मूळव्याध असेल म्हणून मलमावर महिने काढू नका. डॉक्टरांनी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) सांगितली तर ती करून घ्या.