प्रश्न तुमचे, उत्तरं बागेतली: फुटबॉल लिलीची पानं पिवळी पडतायत, काय करू?

प्रश्न: आमच्या गॅलरीत फुटबॉल लिली आहे, मे महिन्यात काय सुंदर लालभडक गोळा आला होता, सगळी सोसायटी बघायला आली. मग पावसाळाभर मोठी मोठी पानं होती पण दिवाळीनंतर पिवळी पडायला लागली, म्हणून मी पाणी वाढवलं, खतही घातलं, तर अजूनच पिवळी. झाड मेलं का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: आधी पाणी थांबवा, अगदी आजपासून, आणि खत तर नकोच. झाड मेलेलं नाहीये. फुटबॉल लिली (काही जण मे फ्लॉवर म्हणतात, शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस) मूळची आफ्रिकेतली, सहाराच्या दक्षिणेकडची. तिथे बऱ्याच भागात कोरडा मोसम मोठा असतो, तेवढा काळ ती पानं टाकून नुसता कांदा म्हणून जमिनीत पडून राहते आणि पाऊस आला की आधी फूल आणि मग पानं काढते. आपल्याकडे तेच गणित हिवाळा, उन्हाळा आणि वळवाच्या पावसाशी जुळतं, म्हणून तर ती मुंबई-पुण्यात इतकी छान होते!

पिवळं पान हिरवं करायच्या नादात बहुतेक जण पाणी वाढवतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कांदे असेच जातात. वर पान नाही म्हणजे पाणी ओढणारं कोणी नाही, माती ओली राहते आणि कांदा खालून कुजतो. पानं अर्धी पिवळी असताना कापू नका, त्यांच्यातला माल कांद्यात उतरत असतो, पूर्ण वाळली की हाताने अलगद निघतात.

तुमच्याकडे पाणी जास्त झालंय तर एकदा बोटाने माती बाजूला करून कांदा दाबून बघा. घट्ट लागला तर काहीच करू नका, कुंडी कोरड्या कोपऱ्यात सरकवा, फक्त वरून एसीचं किंवा वरच्या मजल्यावरच्या कपड्यांचं पाणी ठिबकत नाही ना ते बघा. मऊ लागला, वास आला, तर मात्र बाहेर काढा, कुजका भाग आणि काळी मुळं स्वच्छ सुरीने कापा, बुरशीनाशक पावडर लावून दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या आणि भुसभुशीत कोरड्या मातीत परत लावा, मान मातीच्या पातळीला ठेवून. एरवी उगाच उकरून बघायची सवय नको, मुळं दुखावली की पुढच्या वर्षीचं फूल हुकू शकतं.

आणि त्या रिकाम्या दिसणाऱ्या कुंडीत मेथी-कोथिंबीर पेरू नका प्लीज, त्या भाज्यांना रोज पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये जाड टोक वर दिसलं की थोडं थोडं पाणी सुरू करा.

प्रश्न: माझ्या फुटबॉल लिलीला दोन वर्षं नुसती पानंच येतात, फूल नाही. कुंडी हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला आहे. फुलासाठी एप्रिलमध्ये कोणतं खत द्यायचं?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: एप्रिलमध्ये उशीर झालेला असतो हो. पुढच्या मेचं फूल जून ते ऑक्टोबरमधल्या पानांवर ठरतं, त्या चार-पाच महिन्यांत पानांनी जेवढं कमावलं तेवढा कांदा भरतो. टीव्हीच्या बाजूला आपल्याला उजेड वाटतो पण झाडाला तो पुरत नाही. पूर्वेच्या खिडकीत ठेवा, सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं कडक नको, पानं करपतात. पानं असेपर्यंत महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत किंवा जुनं शेणखत द्या, पावसाळा संपत आला की बंद. कुंडी सहा-आठ इंची पुरे, या कांद्याला जरा अडचणीत राहायला आवडतं. बाजूची पिल्लं वेगळी काढून लावली असतील तर ती लहान असतात, त्यांना फुलायला काही वर्षं द्यावी लागतात.

पावसाळ्यात काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेल्या अळ्या येतात, पान बघता बघता संपवतात आणि पान गेलं की फूलही गेलं. संध्याकाळी टॉर्च घेऊन बघा, हाताने वेचा, जास्त असतील तर निंबोळी तेल फवारा.

एक मात्र मनापासून सांगते, घरात लहान मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा. या झाडात लायकोरिनसारखी विषारी द्रव्यं असतात, आफ्रिकेत काही ठिकाणी बाणाला लावायच्या विषात आणि मासे मारायला हा कांदा वापरला गेलाय. काढलेला कांदा स्वयंपाकघरात तर अजिबात नको, कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळही नको.

प्रश्न: इथे हेमॅन्थस नावाने कांदा घेतला, जिभेसारखी जाड दोन-चार पानं आहेत. आई म्हणते फुटबॉल लिलीच आहे, हिवाळ्यात पाणी बंद कर. करू का?
(एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर: पूर्ण बंद नका करू. आईंचंही बरोबर आहे, फुटबॉल लिली पूर्वी हेमॅन्थस या गटातच धरायचे, जुन्या पुस्तकांत तसंच सापडेल. 1976 मध्ये इब फ्रीस आणि इंगर नोर्दाल या वनस्पतिशास्त्रज्ञांनी पातळ पानांच्या जाती स्कॅडॉक्सस म्हणून वेगळ्या काढल्या. तुमच्या वर्णनावरून तुमचा हेमॅन्थस अल्बिफ्लॉस वाटतो, दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचा, दाढीच्या ब्रशसारखं पांढरं फूल येतं. तो पानं टाकत नाही, बारा महिने हिरवा असतो, त्यामुळे हिवाळ्यातही माती पूर्ण वाळली की थोडं पाणी द्यायचं. थंडी पडायच्या आत घरात घ्या, हीटरच्या झोतापासून लांब, उजेडाच्या खिडकीत ठेवा. मुळांनी कुंडी गच्च भरली तरी घाई करू नका, कुंडी फुटायला आली की मगच बदला.