उपाययोजनेनंतर महामार्गावरील अपघात कमी झाले, तर ते उपायामुळेच झाले हे आकडेवारीवरून कसे ठरवावे?

केवळ आधीची आणि नंतरची संख्या शेजारी ठेवून ते ठरवता येत नाही. अपघात विरळ असल्यामुळे एखाद्या वळणावरची त्यांची वार्षिक संख्या योगायोगानेही बरीच वरखाली होते, आणि उपायासाठी आपण ते वळण निवडतो तेच मुळी संख्या वर गेलेली असताना. त्यामुळे काहीही न करता ती पुढे बहुधा खाली येते. सरासरीकडे परतण्याची ही प्रवृत्ती फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये माणसांच्या उंचीच्या अभ्यासात मांडली होती.

म्हणून मी आधी तशाच अनेक रस्तेखंडांच्या नोंदींवरून एक प्रारूप बांधतो, जे दैनंदिन वाहतूक, खंडाची लांबी, वळणाची त्रिज्या यांवरून अपेक्षित अपघातसंख्या सांगते. विरळ घटनांच्या मोजणीसाठी वापरल्या जाणाऱ्या पॉयसाँ प्रारूपात प्रचरण, म्हणजे संख्या सरासरीभोवती किती विखुरतात याचे माप, सरासरीइतकेच असल्याचे गृहीत धरलेले असते. अपघातांच्या नोंदींत मात्र ते बहुतेक वेळा अधिक आढळते, त्यामुळे या जादा प्रचरणाला जागा देणारे निगेटिव्ह बायनॉमियल प्रारूप अधिक योग्य ठरते.

यानंतर संशोधक एझ्रा हौअर यांनी रस्ता सुरक्षेत रुजवलेली एम्पिरिकल बेज पद्धत कामी येते; तिच्यात प्रारूपाचा अंदाज आणि प्रत्यक्ष नोंद यांची वजनानुसार सरासरी काढतात. समजा, उपायापूर्वीच्या तीन वर्षांत एका ठिकाणी १४ अपघात झाले, प्रारूपानुसार ६ अपेक्षित होते आणि अतिप्रचरणाचा प्राचल, म्हणजे प्रचरण सरासरीपेक्षा किती अधिक आहे हे दाखवणारा प्रारूपातला आकडा, ०.२५ आहे. प्रारूपाचे वजन १ ÷ (१ + ०.२५ × ६), म्हणजे ०.४ येते, आणि उरलेले ०.६ वजन प्रत्यक्ष नोंदीला मिळते. त्यावरून त्या जागेचा खरा कल १०.८ अपघातांचा ठरतो. उपायानंतरच्या तीन वर्षांत, वाहतूक तितकीच असताना, १० अपघात झाले, तर वरवर २९ टक्के दिसणारी घट प्रत्यक्षात सुमारे ७ टक्केच आहे, आणि एकाच ठिकाणची एवढी घट योगायोगापासून वेगळी काढता येत नाही. तोच उपाय केलेली अनेक ठिकाणे एकत्र घेतल्यावरच निष्कर्षाला आधार मिळतो.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण निष्प्रभ उपायावर खर्च होणारा पैसा दुसऱ्या एखाद्या धोकादायक वळणाच्या वाट्याचा असतो.

वाहतूक बदललेली असल्यास ती प्रारूपातूनच विचारात घ्यावी. दुप्पट वाहनांमुळे अपघात दुप्पटच होतील असे धरू नये. किरकोळ अपघातांची नोंद अनेकदा होतच नाही, म्हणून तीव्रतेनुसार वेगळे विश्लेषण करावे आणि उपायाच्या काळात नोंदणीची पद्धत बदलली होती का, हे सर्वांत आधी तपासावे.